सुंदरबाईंनी लिहून दिलेला विरोध

मोतीलाल साळवे एस.टी.त एकतीस वर्षं काढून यावल डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले आणि कुंडखेड्याला आपल्या घरी येऊन राहिले. गावात ख्रिस्ती घरं सव्वीस, आणि केळीच्या बागांना लागून त्यांचं कौलारू चर्च. चर्चच्या मंडळीनं त्यांना, म्हणजे गावाच्या आबांना, मुख्य पंच केलं. दुसऱ्याच रविवारी सगळ्यांना कळून चुकलं, की आबांच्या लेखी उपासना म्हणजे सकाळी नऊची गाडी. नऊला घंटा, नऊ पाचला पहिलं गीत, सव्वादहाला आशीर्वाद आणि घरी. कुणी उशिरा आलं, तर आबा काही बोलत नसत. नुसते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आणि मग त्या माणसाकडे. पुढच्या रविवारी तो माणूस पावणेनऊलाच हजर असे.

सत्याऐंशीच्या जूनमध्ये चर्चच्या पाळकसाहेबांची, म्हणजे पाद्रीसाहेबांची, बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. धुळ्याच्या मुख्य कचेरीतून पत्र आलं, की पाळकांची टंचाई आहे. जळगावचे पाळक महिन्यातून एक रविवार येऊन जातील, बाकीचे रविवार पंचांनी सांभाळावेत.

पंच तिघं होते. हिलाल पंच सुतारकाम करत. संदेशाचा विषय कुठलाही असो, क्षमा असो की प्रार्थना, पाच मिनिटांत ते नोहाच्या तारवापाशी पोचत आणि मग लाकूड कुठलं असेल, फळ्या कशा जोडल्या असतील, डांबर आतून आधी लावलं की बाहेरून, हे सांगण्यात रंगून जात. भाईदास पंच प्रार्थनेला डोळे मिटत, पण ते उघडायचं त्यांना पुष्कळदा आठवत नसे. आणि खुद्द आबा संदेश नऊ मिनिटांत आटोपत. त्यांचा आवडता दाखला दहा कुमारींचा. पाच वेळेवर पोचल्या, पाच उशिरा आल्या आणि दार बंद. चार महिन्यांत हा दाखला चारदा झाला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, भागाबाईनं, जेवताना सहज विचारलं, की उशिरा आलेल्या त्या पाच जणींना पुढची गाडी होती की नाही. आबांनी भाजी पुढे ओढली.

मंडळीचं खरं काम चालत होतं ते सुंदरबाईंच्या पायांवर. सुंदरबाई बायबलबाई होत्या. म्हणजे मंडळीनं नेमलेल्या, घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या. माहेर साक्रीकडचं, त्यामुळे पंचवीस वर्षं इकडे काढूनही बोलणं अस्सल अहिराणी. चणीनं एवढ्याशा, पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत चालत जात. कुणाच्या घरी आजारपण असो, भांडण असो, मयत असो, पहिली हाक त्यांना. त्यांचे यजमान नथ्थू रावेरला केळीच्या गाड्या भरून देण्याच्या कामावर होते. बायको कुठं आहे असं कुणी विचारलं, तर ते म्हणत, "कुणाच्या घरात रडू चाललंय ते बघा, तिथंच असेल." एवढी ही बाई, पण चर्चमधल्या सागवानी व्यासपीठावर तिचा पाय कधी पडला नव्हता. तिथं उभं राहून संदेश द्यायचा तो पुरुषानं. असं आबांचं मत होतं, आणि त्यांच्याआधीच्या सगळ्या मुख्य पंचांचंही.

ऑक्टोबरात एका रविवारी हिलाल पंचांचा घसा बसला. ऐन उपासनेत ते व्यासपीठावर उभे राहिले आणि तोंडातून नुसती हवा आली. भाईदास गावाला गेलेले. आबा दहा कुमारींच्या तयारीनं उठले, तोच बायकांच्या बाजूनं कुजबूज झाली, की बाईंना बोलू द्या. आबांनी नियम आठवून पाहिला. संदेश बाईला देता येत नाही. पण साक्ष, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं, कुणालाही देता येते. "साक्ष द्या," आबा म्हणाले, "पाच मिनिटं. खालीच उभ्या राहा."

सुंदरबाई चटईवरच उभ्या राहिल्या. अठरा वर्षं कंबर वाकलेल्या बाईची शास्त्रातली गोष्ट त्यांनी सांगितली. कापूस वेचणाऱ्या, भुईमूग उपटणाऱ्या बायका समोर बसलेल्या. कंबर म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्या बाईला वर बघता येत नव्हतं, म्हणून तिला गावातल्या माणसांचे चेहरे आठवत नव्हते, नुसते पाय ओळखू येत होते, असं सुंदरबाई म्हणाल्या, आणि आबांच्या शेजारी बसलेल्या हिलाल पंचांनी आपले पाय आत ओढून घेतले. प्रभूनं तिला सभेच्या मधोमध बोलावून सरळ उभं केलं, तिथं साक्ष संपली. आबांनी घड्याळात पाहिलं. दहा पस्तीस. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून कुठली गाडी एवढी लेट झाली नव्हती, आणि झालेली त्यांना कळली नाही असं तर कधीच घडलं नव्हतं. दिवसभर ते याच गोष्टीवर रुसून होते.

डिसेंबरात धुळ्याहून दुसरं पत्र आलं. फेब्रुवारीत सगळ्या मंडळ्यांचं अधिवेशन भरणार होतं आणि त्यात एकच मोठा प्रश्न होता: स्त्रियांना पाळक म्हणून दीक्षा द्यावी की नाही. दर मंडळीनं एक प्रतिनिधी पाठवावा, आपलं मत लेखी आणावं.

पंचांनी मत ठरवायला चहा गार होईल एवढाही वेळ घेतला नाही. विरोध. प्रतिनिधी, मोतीलाल साळवे.

आता लिहायचं आलं. आबांनी आयुष्यभर लिहिलं ते रजिस्टरमध्ये: गाडी आली, गाडी गेली, उशिराचं कारण. तीन दिवस कागद पुढे घेऊन बसल्यावर त्यांच्या हातून चार ओळी उतरल्या, आणि त्या वाचून भागाबाई म्हणाली, की हे तर चौकशीच्या नोटिशीसारखं वाटतंय.

"मग कसं लिहू?" आबांनी विचारलं.

"शास्त्र कुणाला येतं गावात? त्यांच्याकडे जा."

"त्यांच्याविरुद्धच तर लिहायचंय."

"मग त्यांना तर जास्तच चांगलं माहीत असेल," भागाबाई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

दोन दिवस आबा गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर ते सुंदरबाईंच्या अंगणात उभे होते. बाई सुपात तूर पाखडत होत्या. काम काय ते आबांना सरळ सांगता येईना. आधी हवा झाली, मग नथ्थूची तब्येत, मग केळीवर पडलेला रोग. शेवटी सुंदरबाईंनीच सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आबा, धुळाना कागद लिखाना शे ना? बठ्ठा गावले माहीत शे. बसा."

त्यांनी लिहून द्यायचं कबूल केलं, तेही असं, जणू कुणी पापडाचं पीठ मळून मागितलं होतं. तीन संध्याकाळी आबा त्यांच्या ओट्यावर बसले. बाई एकेक मुद्दा बोलत आणि लिहीत. प्रभूचे बाराही शिष्य पुरुष होते. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं, की बायकांनी सभेत गप्प राहावं. मंडळीचा अध्यक्ष एका बायकोचा नवरा असावा असं लिहिलंय, एका नवऱ्याची बायको असावी असं कुठंच नाही. आबा ऐकत होते आणि त्यांची छाती फुगत होती. आपलं मत इतकं भक्कम आहे हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हतं.

पण कंट्रोलरच्या डोक्याला एक सवय असते: ही गाडी अडली तर पुढं काय, हा विचार आधी करायचा. म्हणून प्रत्येक मुद्द्यावर ते विचारत, की यावर समोरचा काय बोलेल. आणि सुंदरबाई तेही सांगत. शिष्य पुरुष होते, पण प्रभू मरणातून उठला ही पहिली बातमी सांगायला त्यानं मग्दालिया मरीयेला पाठवलं, आणि शिष्य तेव्हा दार लावून घरात बसले होते. पौलानं गप्प राहा लिहिलं, पण त्याच पत्रात थोडं आधी, बायकांनी सभेत देवाचं वचन सांगताना डोक्यावर पदर घ्यावा असंही लिहिलं. गप्प बसणाऱ्या बाईला सांगताना कसं उभं राहायचं हे कोण शिकवतं? आणि जुन्या करारातली दबोरा इस्राएलाचा न्याय करत होती, तेव्हा तिच्या झाडाखाली पुरुषच रांग लावून उभे होते.

"हे कागदात लिहू नका," आबा घाईनं म्हणाले.

"नही लिखत. तुम्ही इचारं म्हनीसन सांगं."

तिसऱ्या दिवशी कागद पुरा झाला. साडेचार पानं, सुरेख अक्षर, कुठं खाडाखोड नाही. आबांनी तो वाचला आणि घडी करण्याआधी थांबले. मनात होतं ते तोंडावर आलं. "बाई, थोडं हातचं राखून लिहिलं असतं, तरी मला कुठं कळणार होतं?"

सुंदरबाईंनी पदरानं चष्मा पुसला. "आबा, मी कमजोर कागद लिखी दिधा, आनि तो धुळाले पडना, तर मन्हं काय भलं व्हई? देवना घरमा जावानं, ते दुसराना पाय बांधीसन?"

आबा घरी आले. भागाबाईनं कागद मिळाला का विचारलं, तेव्हा त्यांनी तो तिच्या हातात दिला.

फेब्रुवारीत ते यावलहून जळगावला आणि जळगावहून धुळ्याच्या गाडीला बसले. पारोळ्याला गाडी आठ मिनिटं लेट होती. त्यांनी ते कंडक्टरला सांगितलं आणि कंडक्टरनं ते मनावर घेतलं नाही.

अधिवेशनाला एक्केचाळीस प्रतिनिधी होते, एक्केचाळीसही पुरुष. बायका मागच्या पडवीत होत्या. भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी करायचं काम त्यांच्याकडे होतं. सभागृहाची एक खिडकी त्या पडवीत उघडत होती आणि तिच्यातून वांगी भाजल्याचा वास येत होता. अध्यक्षसाहेब वयस्कर, शांत, बोलण्याआधी चष्मा काढणारे.

आबांचा नंबर चौथा लागला. त्यांनी कागद वाचला. वाचताना त्यांना स्वतःच्या आवाजाचं नवल वाटत होतं. दुसऱ्या पानावर सभागृहातलं खोकणं थांबलं, तिसऱ्यावर पडवीतली भाकरीची थापथाप थांबली. वाचन संपलं तेव्हा विरोधाच्या बाजूची माणसं टाळ्या वाजवत उठली. नंदुरबारकडचे एक म्हातारे पंच आबांचे हात धरून म्हणाले, की असं शास्त्र मी चाळीस वर्षांत ऐकलं नाही.

मग दुसऱ्या बाजूनं रुपचंद मास्तर उठले. माणूस सज्जन, स्त्रियांच्या बाजूचा, त्यांची कळकळ खरी. पण बोलायला लागले ते, स्त्री कशी फुलासारखी कोमल असते, तिचा आवाज कसा गोड असतो, आणि ती पाळक झाली तर चर्चमध्ये झाडलोट कशी छान राहील, हे. बायकांच्या हाताला चव असते, हेही त्यांनी सांगितलं. शिष्यांचा मुद्दा आला तेव्हा ते म्हणाले, "यावर मला उत्तर नाही, पण प्रेमाला उत्तर लागत नाही." खिडकीत उभी असलेली एक बाई कपाळावर हात मारून आत गेली.

आबांना खुर्चीत बसवेना. त्यांच्या डोळ्यांसमोर गाडी चुकीच्या फलाटावर लागत होती आणि उतारू तिच्यात चढत होते. रुपचंद मास्तर पौलाच्या पत्रापाशी अडखळले, कपाळ पुसलं, आणि आबा उभे राहिले.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही हरणार आहात, आणि ते मला बघवत नाही."

सभागृहात हसू फुटलं. आबा हसले नाहीत. त्यांनी अध्यक्षांकडे पाहून दोन मिनिटं मागितली आणि बोलायला लागले. मग्दालिया मरीया. दार लावून बसलेले शिष्य. डोक्यावरचा पदर. दबोराचं झाड. ओट्यावर बसून तीन संध्याकाळी जे ऐकलं, ते सगळं, कागदाशिवाय, एका ओघात. शेवटी ऑक्टोबरातली ती साक्ष आठवली, तीही सांगितली. बाई सभेच्या मधोमध सरळ उभी राहिली, ती प्रभूनं उभी केली म्हणून. तिला परत चटईवर बसवणारे आम्ही कोण, असं ते म्हणाले आणि आपण काय बोललो ते ऐकून खाली बसले. मागितलेली दोन मिनिटं होऊन पंचवीस मिनिटं लोटली होती.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "साळवे, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

"साहेब, मघाचा कागद मंडळीचा. आत्ताचं माझं."

"कागद छान लिहिलाय. कुणी लिहिला?"

खोटं बोलायची आबांना सवय नव्हती. उशिराचं खरं कारण लिहायचं, हेच आयुष्यभर केलेलं. "आमच्या बायबलबाईंनी," ते म्हणाले. "सुंदरबाईंनी. आता जे बोललो तेही त्यांचंच."

नंदुरबारकडचे म्हातारे पंच उठून म्हणाले, की बाईनं बोलू नये हे सांगायला तुम्ही बाईकडून लिहून घेतलंत? आबा म्हणाले, आमच्या गावात दुसऱ्या कुणाला एवढं शास्त्र येत नाही. अध्यक्षांनी चष्मा परत लावला. "मग कुंडखेड्यासाठी आम्ही आठ महिने पाळक कुठं शोधतोय?" त्यांनी विचारलं, आणि पडवीतून हसण्याचा असा लोट आला, की सभा पाच मिनिटं थांबवावी लागली.

मग हात वर करून मतं झाली. बाजूनं वीस हात वर गेले. आबांचे दोन्ही हात मांडीवर होते. विरोधाला हात मागितले, तेव्हा त्यांनी आपला हात उचलला. तो त्यांना ओल्या पोत्यासारखा जड लागला. एकवीस. ठराव एका मतानं पडला.

रुपचंद मास्तर बाहेर त्यांना गाठून म्हणाले, की आबा, हे काय केलंत? आबा म्हणाले, की मंडळीनं मला तिचं मत घेऊन पाठवलं होतं. ते बदलायचं असेल तर गावात बदलायला हवं, धुळ्यात नाही. भरिताचं ताट वाढणाऱ्या बाईनं त्यांच्या पानात एकच भाकरी टाकली आणि पुढे गेली.

गावी आल्यावर ते आधी सुंदरबाईंकडे गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. एका मतानं, आणि ते माझं. आबांना वाटलं, बाई रडतील. त्या उठल्या, आत जाऊन पाणी घेऊन आल्या. "तुम्ही कागद बरोबर वाचा व्हता ना?" त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, टाळ्या पडल्या. "मंग बरोबर शे," सुंदरबाई म्हणाल्या. पण पाण्याचा तांब्या त्यांनी आबांच्या हातात न देता ओट्यावर ठेवला, आणि आबांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पंचांची बैठक झाली. हिलाल पंचांनी विरोध जिंकल्याबद्दल आबांचं अभिनंदन केलं. आबांनी ते ऐकून घेतलं आणि रविवारचा तक्ता पुढे ठेवला. दीक्षेला अधिवेशनानं नाही म्हटलं होतं. पाळक नसताना व्यासपीठावर कुणी उभं राहायचं, हे अजून पंचांच्याच हातात होतं. एक रविवार जळगावच्या पाळकांचा, एक हिलालचा, एक भाईदासांचा, आणि चौथा, जो आबांचा होता, तिथं त्यांनी सुंदरबाईंचं नाव लिहिलं होतं. हिलाल पंच म्हणाले, की हे चालणार नाही. आबा म्हणाले, "मी तुमचा रविवार मागितलेला नाही. माझा दिलाय." भाईदासांनी डोळे मिटून मान डोलावली, आणि ती संमती धरण्यात आली.

मार्चमधल्या सुंदरबाईंच्या पहिल्या रविवारी एक वेगळीच अडचण निघाली. व्यासपीठाचा कठडा उंच गोऱ्या पाद्र्याच्या मापानं केलेला. सुंदरबाई त्यामागं उभ्या राहिल्या आणि मंडळीला दिसला तो नुसता पदराचा काठ. नथ्थूनं बाहेर धावत जाऊन केळीचं खोकं आणून उपडं ठेवलं. बाई त्यावर उभ्या राहिल्या, खोकं करकरलं, आणि पहिल्या रांगेतले हिलाल पंच पूर्ण संदेशभर बाईंकडे नाही, त्या खोक्याच्या खिळ्यांकडे बघत राहिले. उपासना संपल्यावर ते कुणाशी न बोलता घरी गेले. पुढच्या खेपेला कठड्यामागं सागवानी पायरी होती, घासून गुळगुळीत केलेली, कडा गोल. "विरोध आहेच माझा," ते आबांना म्हणाले. "पण माझ्या चर्चमध्ये कुणी खोक्यावरून पडायचं नाही."

चार वर्षांनी धुळ्याला तोच प्रश्न पुन्हा आला. कुंडखेड्याच्या मंडळीनं या वेळी आपलं मत ठरवायला दोन तास घेतले, भांडण करून, आणि ते बदललं. आबा ते घेऊन गेले आणि हात वर करताना त्यांना तो जड लागला नाही. ठराव सात मतांनी मंजूर झाला. त्र्याण्णवच्या जानेवारीत सुंदरबाईंना दीक्षा मिळाली. नथ्थूला लोक पाळकीणबाईचा नवरा म्हणायला लागले, तेव्हा त्यांनी दुरुस्ती केली: पाळकीण म्हणजे पाळकाची बायको, ही स्वतः पाळक आहे, तेव्हा मला पाळकाचा नवरा म्हणा. त्यांना ते नाव मनापासून आवडलं होतं.

त्याच वर्षी मेमध्ये पंचांची निवडणूक होती. अर्ज भरायच्या दिवशी आबा टेबल मांडून बसले होते. हिलाल पंचांचा अर्ज आला, भाईदासांचा आला. मग भागाबाई आली. डबा घेऊन आली असेल असं आबांना वाटलं. तिनं कमरेचा कागद काढून टेबलावर ठेवला. अर्ज होता, तिच्याच वेड्यावाकड्या अक्षरातला.

आबांनी तो दोनदा वाचला. "तू? पंच?"

"नियमात कुठं नाही म्हणून लिहिलंय का?"

आबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचलं. भागाबाई उभीच होती. मग त्यांनी पुस्तक मिटलं, शेजारची खुर्ची ओढून तिला बसायला दिली, आणि अर्जावर आल्याची वेळ लिहिली.